जुन्या चर्चमधला पांढरा दगड: चुनखडक की संगमरवर?

स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची पिळलेली फोड रात्रभर राहिली, की सकाळी तिथे फिकट, खरबरीत गोल उमटलेला दिसतो. तो कितीही घासला तरी जात नाही, कारण तो डाग नव्हेच. लिंबाच्या आंबटाने तिथला दगड खाल्लेला असतो. चर्चमध्येही हेच घडतं. सणाच्या आधी पितळी मेणबत्तीदाण चिंचेने घासतात, चिंचेचं पाणी वेदीच्या पांढऱ्या पायरीवर ओघळतं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या पायरीवर ओघळाच्या आकाराची निस्तेज रेघ राहते. कडप्पा काळा, पायरी पांढरी. पहिला चुनखडक, दुसरा संगमरवर. पण दोन्हींचा मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. खनिजाच्या भाषेत कॅल्साइट.

सगळी गोची इथूनच सुरू होते. रसायन एकच असल्यामुळे रासायनिक चाचणीने चुनखडक आणि संगमरवर वेगळे करता येत नाहीत. कठीणपणा जवळपास सारखा, वजन जवळपास सारखं, रंग तर दोन्हींत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे. वेगळी असते ती आतली वीण. ती बघायची कशी आणि कुठे, हे एकदा कळलं की बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये अर्ध्या तासात बऱ्याच दगडांची ओळख पटू शकते.

चुनखडक म्हणजे समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी साचलेला चुनाळ गाळ, थरावर थर बसून घट्ट झालेला. कधी तो शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याचा असतो, कधी पाण्यातून आपसूक खाली बसलेल्या बारीक चुन्याचा. हाच चुनखडक जमिनीत खोल गेला, भट्टीसारखी उष्णता आणि वरच्या खडकांचा दाब बराच काळ सोसत राहिला, की त्यातलं कॅल्साइट नव्याने स्फटिक धरतं. दगड वितळत नाही. घट्ट असतानाच आतले बारीक कण मोडून मोठे होतात आणि एकमेकांना खेटून बसतात. तोच संगमरवर. दाणा धरलेल्या तुपाला आपण रवाळ म्हणतो. संगमरवर रवाळ असतो, चुनखडक बहुधा नसतो. पुढच्या बहुतेक कसोट्या म्हणजे हा रवा शोधण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

आकड्यांत सांगायचं तर शहाबादीसारख्या दाट चुनखडकातले मूळ कण 4 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून बारीक. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, म्हणजे हे कण साध्या भिंगातही वेगळे दिसायचे नाहीत. उलट इटलीच्या करारा भागातल्या बारीक पोताच्या संगमरवरातसुद्धा कण 0.1 ते 0.3 मिलिमीटरचे. राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर सहसा याहून जाड रव्याचा. 10 पटीच्या भिंगाला एवढा फरक पुरतो.

आता दुकानातल्या नावांबद्दल. बाजारात पॉलिश घेणारा कुठलाही मऊसर दगड 'मार्बल' या नावाने विकला जातो. ग्रीन मार्बल म्हणून मिळणारा राजस्थानी हिरवा दगड सर्पेंटाइन या वेगळ्याच खनिजाचा. इटालियन मार्बल म्हणून घराघरांत गेलेला बोत्तिचिनो भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने चुनखडक. ही सवय आजची नाही. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमधले गडद, गुळगुळीत, बारीक खांब तेराव्या शतकापासून 'पर्बेक मार्बल' म्हणून ओळखले जातात, आणि तो दगड गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी गच्च भरलेला चुनखडक आहे. त्यामुळे चर्चच्या जुन्या दप्तरात एखाद्या वस्तूपुढे 'मार्बल' लिहिलेलं सापडलं, तर त्यावरून इतकंच धरावं की तिला एके काळी पॉलिश होतं.

आपल्या भागाचा दगडांचा नकाशा डोक्यात असला, की अर्ध्या चुका जागीच टळतात. खानापूरकडे जांभा. बेळगावच्या आसपास आणि उत्तरेला निपाणी-चिकोडीकडे काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. गोकाकचा धबधबा ज्यावरून कोसळतो तो कडक वालुकाश्म. आणखी पूर्वेला यादवाड, लोकापूर, मुधोळ या पट्ट्यात चुनखडक, ज्याच्यावर तिकडचे सिमेंटचे कारखाने चालतात. खरा पांढरा संगमरवर इथल्या खाणींतला नव्हे. कॅम्पातल्या चर्चमध्ये तो दिसला तर बाहेरून आलेला धरायचा. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढे कॅम्प वसला आणि अधिकाऱ्यांच्या नावाचे पांढरे स्मृतिफलक चर्चच्या भिंतींवर चढले. त्या काळच्या अशा फलकांसाठी करारा हा नेहमीचा दगड. म्हणजे भिंत जांभ्याची किंवा काळ्या दगडाची, फरशी शहाबादी किंवा कडप्पा, आणि फलक, वेदी, बाप्तिस्म्याचं कुंड अशा मोजक्या वस्तू दूरच्या दगडाच्या. शंका घ्यायची ती या मोजक्या वस्तूंवर.

इथे एक फसगत हमखास होते. परदेशी पुस्तकात वाचलेलं असतं: शिंपल्यांचे अवशेष दिसले तर चुनखडक, नाही दिसले तर संगमरवर. पहिलं वाक्य चालतं. दुसरं आपल्याकडे साफ चुकतं. कलादगी पट्ट्यातला, म्हणजे वरच्याच यादवाड-लोकापूरकडचा, चुनखडक काय किंवा भीमा खोऱ्यातला शहाबादी काय, दोन्ही अतिप्राचीन. शिंपल्या-शंखांचे प्राणी जन्माला येण्याआधीचे. त्यांत शिंपला सापडायचाच नाही. यादवाड-लोकापूरकडच्या दगडात फार तर सूक्ष्मजीवांच्या चटयांनी रचलेले लाटांसारखे, कोबीच्या कापासारखे दिसणारे थर सापडतात. स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात त्यांना. पॉलिश केल्यावर ते संगमरवराच्या नक्षीसारखे भासतात आणि माणूस फसतो.

बघायला जाताना सोबत फार काही लागत नाही. 10 पटीचं भिंग (घड्याळजी किंवा सोनार वापरतात ते चालतं), बारीक झोत पाडणारी टॉर्च, मऊ कोरडा ब्रश, मोजपट्टी, मोबाइल. छिन्नी-हातोडी घरी ठेवायची. पाळक, फादर किंवा चर्चच्या कमिटीची परवानगी आधी घ्यायची, आणि इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असेल तर नुसतं बघण्यापलीकडे काहीच करायचं नाही.

पॉलिश केलेल्या दर्शनी भागाकडे सुरुवातीला पाठ फिरवा. पॉलिशखाली रवा लपतो, शिवाय त्यावर मेण, वॉर्निश, धूप आणि मेणबत्त्यांची काजळी यांची पुटं असतात. दगड जिथे आधीच दुखावलेला आहे तिथे बघायचं. फलकाचा खालचा कोपरा, टवका उडालेली कड, स्क्रूच्या भोकाचा काठ, पायरीची झिजलेली धार, खुर्ची आपटून कपची गेलेली जागा. ब्रशने धूळ झटकून भिंग डोळ्याला लावा आणि डोकं दगडाजवळ न्या. टॉर्च बाजूने, अगदी कलती धरा आणि हळूहळू फिरवा.

संगमरवर असेल तर फुटलेल्या जागी एकेक बारीक आरसा चमकतो, विझतो आणि शेजारचा चमकतो. कॅल्साइटचा स्फटिक ठरावीक सपाट पातळ्यांवरच फुटतो, म्हणून प्रत्येक कणाला आपला सपाट चेहरा असतो, आणि कण सगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असल्याने प्रकाश फिरला की वेगवेगळे कण पेटतात. नीट दिसलं तर कणांमध्ये मोकळी जागा नसते. तीन कण भेटतात तिथे साधारण 120 अंशांचे कोन होतात, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे. दाट चुनखडक असेल तर फुटलेली जागा मंद दिसते, करवंटीच्या आतल्या भागासारखी गोलसर, आणि कडा धारदार. चमक नाही, किंवा एखाद्या शिरेपुरतीच.

दोन अपवाद मात्र आठवणीत ठेवावे लागतात. काही परदेशी चुनखडकांत समुद्री लिलीसारख्या प्राण्यांच्या देठांचे तुकडे असतात. त्यातला प्रत्येक तुकडा एकसंध कॅल्साइटचा, त्यामुळे तोही आरशासारखा चमकतो. पण चमकणारे तुकडे गोल किंवा चकतीसारखे असतात आणि मंद, बारीक गाळात विखुरलेले असतात; संगमरवरात सगळा दगडच चमकतो. दुसरा अपवाद पांढऱ्या क्वार्ट्झाइटचा, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाच्या कणांनी बनलेल्या कडक दगडाचा. तोही रवाळ, तोही चमकतो. मात्र त्याचा गळून पडलेला कण काचेच्या बाटलीवर ओढला तर काचेवर ओरखडा उठतो. क्वार्ट्झचा कठीणपणा 7, काचेचा साधारण 5.5 आणि कॅल्साइटचा फक्त 3, त्यामुळे संगमरवर किंवा चुनखडक काचेला काही करू शकत नाही.

शिरा बघून निकाल देऊ नये. काळ्या दगडातल्या पांढऱ्या, काठ स्वच्छ असलेल्या रेघा म्हणजे जुन्या भेगांत भरलेलं कॅल्साइट, आणि त्या चुनखडकातही भरपूर असतात. संगमरवरातली नक्षी वेगळ्या जातीची असते: दुधात शाईचा थेंब टाकून काडीने फिरवावा तशी, पसरलेली, वळलेली, काठ विरत जाणारी. चुनखडकात आणखी एक खूण मिळते. हृदयाच्या आलेखासारखी वरखाली दातेरी जाणारी गडद रेघ. दाबाखाली दगड थोडा विरघळला आणि न विरघळणारी माती त्या रेघेत उरली, तिचा हा माग. पॉलिश केलेल्या जमिनीवर ती छान दिसते. मात्र कमी उष्णतेत बनलेल्या काही संगमरवरांतही ती टिकून राहते, म्हणून एवढ्या एका खुणेवर विसंबू नये.

टॉर्चची आणखी एक गंमत आहे. फलकाची पातळ कड किंवा कोरलेल्या पानाची धार सापडली, तर टॉर्च दगडाला टेकवून दुसऱ्या बाजूने बघा. करारासारख्या बारीक पांढऱ्या संगमरवरात उजेड आत शिरतो आणि कड मेणासारखी उजळते. चुनखडकात उजेड पृष्ठभागाशीच अडतो. चेहरे कोरायला शिल्पकार संगमरवर घेतात त्यामागे हाही एक हिशेब आहे, त्याची कातडी जिवंत वाटते. बेळगावकर गोव्याला जातातच. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा चौथरा जरूर बघावा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून संगमरवर आणि जास्पर या रंगीत, कठीण दगडात घडवून घेतला, 1698 मध्ये तो इथे बसवला गेला. त्याच इमारतीच्या बाहेरच्या उघड्या जांभ्याशेजारी हा दगड मनात ठेवला, की डोळा तयार होतो. टॉर्च आणि भिंग मात्र तिथे खिशातच ठेवावं.

आता आम्लाबद्दल, कारण 'दगडावर आम्ल टाकून बघा' हा सल्ला प्रत्येक जण देतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कॅल्साइटवर पडला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. येतात ते चुनखडकावरही आणि संगमरवरावरही, तितक्याच जोराने. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर हवं, तोच प्रश्न ही चाचणी सोडवत नाही. हा दगड चुन्याच्या जातीचा आहे की ग्रॅनाइट-क्वार्ट्झाइटच्या, एवढंच ती सांगते. वर तीन खड्डे. जुन्या भिंतीला चुन्याचा हात दिलेला असेल, तर खाली बेसाल्ट असला तरी बुडबुडे येतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्साइटच होतो. डोलोमाइट जातीचा, म्हणजे कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला, दगड थंड आम्लाला फारसा दाद देत नाही, त्याची पूड केली तरच फसफसतो. आणि तिसरा खड्डा सगळ्यांत मोठा: थेंब पडला तिथे पॉलिश कायमचं गेलं. संडास साफ करायच्या बाटलीत हेच आम्ल असतं. ती बाटली चर्चमधल्या कुठल्याही पांढऱ्या दगडाच्या जवळ नेऊ नका, चाचणीलाही नाही आणि सफाईलाही नाही.

तरी चाचणी करायचीच असेल, तर आपोआप गळून पडलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा कण घ्यावा. चुना-रंग लागलेला नाही ना हे भिंगाने बघावं. काचेच्या वाटीत कण चुरडून त्यावर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाकावेत. बुडबुडे सावकाश येतात, म्हणून दोन मिनिटं थांबून भिंगातून बघावं. घरी एवढं पुरे.

एक पांढरा फलक समोर घेऊन हे सगळं कसं लागू पडतं ते बघू. भिंतीवर काळी पाटी, तिच्यावर थोडी लहान पांढरी पाटी, खाली दोन कोरीव आधार. ही त्या काळची ठरीव मांडणी. पांढरी पाटी बहुधा संगमरवर. काळी पाटी मात्र स्लेट असू शकते, काळा चुनखडक असू शकतो, किंवा चक्क रंगवलेला दगड. काळ्याची कड बघा. स्लेट पत्र्यांसारखी पातळ थरांत सुटते आणि व्हिनेगरला दाद देत नाही. काळ्या चुनखडकात बहुतेक वेळा एखादी पांढरी शीर किंवा ठिपका असतो, आणि उन्हा-पावसात तो काळा राहत नाही, करडा पडतो. आता पांढऱ्या पाटीवरची अक्षरं. ती काळी आणि किंचित चकचकीत असतील तर शिशाची असू शकतात. दगडात अक्षर कोरून, तळाला बारीक भोकं पाडून त्यात शिसं ठोकायचं आणि मग सगळं एका पातळीत घासायचं, अशी ती पद्धत. हे काम बारीक रव्याच्या संगमरवरात सुबक होतं, कारण छिन्नी कुठल्याही दिशेने फिरवली तरी काठ सारखाच तुटतो. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कारागिराचं किंवा दुकानाचं नाव आणि गाव कधी कधी असतं. ते आधी वाचावं, दगड कुठून आला याचा तो सगळ्यांत स्वस्त पुरावा.

हीच शिशाची अक्षरं बाहेर दफनभूमीत आणखी कामाची ठरतात. बसवताना ती दगडाच्या पातळीत होती. पावसाने दगड विरघळत गेला, शिसं जागेवर राहिलं. आज बोट फिरवलं तर अक्षरं वर आलेली लागतात. जितकी वर, तितका दगड कबरीवरच्या तारखेपासून आजपर्यंत गेला. अर्धा मिलिमीटरही बोटाला स्पष्ट कळतो. खानापूर-जांबोटीच्या पावसात हा उठाव बघायला विसरू नये.

दफनभूमीत बोटाने आणखी एक ओळख होते. उघड्यावरचा दगड हलकेच चोळा. बोटाला साखरेसारखे सुटे कण लागले तर संगमरवर, पिठासारखी पूड लागली तर चुनखडक, निदान चुन्याचा हात तरी. संगमरवराची साखर का होते, त्याला कारण आहे. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेला फुगतो आणि तिच्या काटकोनात किंचित आक्रसतो. शेजारच्या कणांच्या दिशा वेगवेगळ्या, त्यामुळे दर उन्हाळ्यात, दर दुपारी ते एकमेकांना ढकलतात आणि सांधे सैल होतात. 2–3 सेंटिमीटर जाडीची पातळ पाटी असेल तर ती याच कारणाने कालांतराने बाक धरते. धनुष्यासारखी वाकलेली पांढरी पाटी दिसली तर भिंग काढायचीही गरज नाही, ती संगमरवराची समजा.

बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे आलं की प्रश्न थोडा बदलतो. दुधाळ किंवा फिकट पिवळसर, बोथट कडांचं, पॉलिश नसलेलं कुंड असेल तर तो मऊ चुनखडक असण्याची शक्यता मोठी. इंग्लंडच्या बाथ भागातल्या दगडात खसखशीएवढे गोल दाणे असतात, माशाच्या गाबोळीसारखे. प्रत्येक दाणा कणाभोवती चुन्याची पुटं चढून बनलेला. पोर्टलंडच्या दगडात असेच दाणे आणि अधूनमधून कालवांच्या शिंपा. आपल्या बाजूला मुंबईच्या व्हिक्टोरियन इमारतींत पोरबंदरचा दगड खूप वापरला गेला, तोही याच कुळातला, वाळूसारख्या दाणेदार पोताचा. या दगडांवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो थोड्याच वेळात आत जिरून ओला डाग पडतो. संगमरवरावर थेंब बसून राहतो. पण शहाबादी आणि कडप्प्यावरही तो बसूनच राहतो, तेव्हा ही चाचणी सच्छिद्र दगड ओळखायची आहे, संगमरवर ओळखायची नव्हे.

फरशीचं फार लांबण लावायला नको. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असेल, तर काळ्या चौकटी बहुधा चुनखडकाच्या आणि पांढऱ्या संगमरवराच्या. दोन्ही सारख्याच मऊ, म्हणून वेदीसमोरच्या वाटेवर दोन्ही झिजतात.

दगडच नसलेल्या वस्तूंनी मात्र जाणकारही फसतात. वेदीमागचे खांब कित्येकदा लाकडाचे, वर संगमरवराची रंगकामाची नक्षी. तळहात ठेवा: दगड थंड लागतो, लाकूड नाही. नखाने टकटक केली की पोकळ आवाज येतो. घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा याहून अवघड, कारण तो थंडही लागतो आणि चमकतोही. त्यावर कलता उजेड टाकला की थापीच्या सावकाश लाटा दिसतात, जाळीसारख्या बारीक भेगा दिसतात, आणि टवका उडाला असेल तिथे थर. सांधा कुठेच नाही, हीही खूण. मोठा सलग 'संगमरवर' दिसला की सांधा शोधावा. आणि नखाने ओरखडा उठत असेल तर तो कॅल्साइट नाहीच. संगजिरं (सोपस्टोन) असेल किंवा जिप्समच्या जातीचा अलाबास्टर. अर्थात हा ओरखडा पडलेल्या कणावर काढायचा, मूर्तीवर नव्हे.

एवढी खटपट कशासाठी? दोन्ही दगड आंबटाने सारखेच खराब होतात, पण ते मोडतात वेगवेगळ्या तऱ्हेने. शहाबादीला थर असतात. जमिनीत आडवी बसवलेली फरशी वर्षानुवर्षं टिकते, तीच पाटी भिंतीत उभी लावली आणि मागून ओल आली, तर वरचा पापुद्रा सुटून येतो. अशा पाटीवर ओला ब्रश फिरवण्याआधी बोटाने टकटक करून पोकळ जागा खडूने बाजूच्या भिंतीवर नोंदवाव्या लागतात. संगमरवराला असे थर नसतात. तिथे कण सुटण्याची भीती. साखर झालेल्या संगमरवराला पाणीसुद्धा लावायचं नाही, नुसता मऊ ब्रश फिरवला तरी कोरीव नाक-डोळे गळून येतात. असं काम संवर्धनाच्या जाणकारालाच द्यावं. सच्छिद्र चुनखडकाला धोका क्षारांचा. जांभ्याची भिंत जमिनीतली ओल वर खेचते, ओलीबरोबर क्षार चढतात, दगडात शिरून सुकताना स्फटिक धरतात आणि पृष्ठभाग भुगा होऊन पडतो. त्यावर सिमेंटने दरजा (दगडांमधले सांधे) भरल्या तर ओल सांध्यातून बाहेर पडायची थांबते आणि सगळी दगडातूनच निघते, म्हणजे रोग दुप्पट. दरजा चुन्यातच भराव्यात, एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग स्वच्छ वाळू.

धड असलेल्या संगमरवरावरचा मेणबत्तीचा तेलकट डाग काढायचा असेल, तर आधी मेण घट्ट होऊ द्यावं आणि लाकडी पट्टीने उचलावं. मग पांढरी केओलिन माती आणि तेल विरघळवणारं मिनरल स्पिरिट यांचा चक्क्याइतका घट्ट लगदा डागावर 8–10 मिलिमीटर जाड थापून प्लास्टिकने झाकावा. 24 तासांनी प्लास्टिक काढून लगदा पूर्ण सुकू द्यावा. सुकताना तो डाग थोडा थोडा वर ओढतो. एकदा केल्याने पुरत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. मुलतानी माती स्वस्त मिळते, पण तिच्यातला पिवळेपणा पांढऱ्या दगडात उतरू शकतो. आणि आधी कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून बघणं भागच आहे.

तपकिरी ओघळ दिसला तर तो दगडाचा दोष धरू नका. फलक भिंतीत लोखंडी आकड्यांवर बसवलेले असत. आकडा गंजला की मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो. आधी ओघळ येतो, मग आकड्यावरची त्रिकोणी कपची उडते. ओघळ पुसत बसण्यापेक्षा फलक उतरवून आकडे स्टेनलेस स्टीलचे करणं हाच उपाय, आणि तो वजनदार फलक उतरवताना खाली कोणी उभं राहू नये.

एवढं करूनही शंका उरली तर भूगर्भशास्त्राचा विभाग असलेल्या कॉलेजात कण दाखवता येतो. तिथे दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. इतका पातळ काप पारदर्शक होतो आणि रवा उघड दिसतो. त्यासाठी फलक फोडायचा नसतो, पडलेली कपची चालते. म्हणून झाडलोट करणाऱ्याला सांगून ठेवावं की दगडाखाली सापडलेली कपची कचऱ्यात टाकू नये. ती कागदी पाकिटात घालावी आणि पाकिटावर तारीख, फलकावरचं नाव आणि कुठल्या कोपऱ्याखाली मिळाली ते पेन्सिलीने लिहावं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि शाई पसरते. नोंद असलेली कपची पुढे दुरुस्तीच्या वेळी परत त्याच जागी चिकटवता येते.